मूकपटांची सुलोचना : फलकावर काय ठेवावं, काय खोडावं

खाडीकाठ

अलिबागच्या वाचनालयात मूकपटांवर आठ फलकांचं छोटं प्रदर्शन लागणार आहे. त्यातले दोन फलक सुलोचनाचे, म्हणजे रूबी मायर्सचे. कच्चा मजकूर खाली देतो आहे. कात्री बिनधास्त चालवा, छपाई अजून व्हायची आहे.

फलक १ : रूबी मायर्स. जन्म १९०७, पुणे. नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या बेने इस्राएल समाजातली मुलगी. टेलिफोन ऑपरेटर होती. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी पडद्यावर आणलं. 'वीर बाला' (१९२५), 'टायपिस्ट गर्ल' (१९२६), मग इंपीरियल कंपनीत 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' (१९२७), त्यात एकटीच्या आठ भूमिका. 'अनारकली' आणि 'माधुरी' (दोन्ही १९२८), 'इंदिरा बी.ए.' (१९२९). पगार महिना ५,००० रुपये, मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त.

फलक २ : १९३१ साली बोलपट आला. हिंदुस्थानी बोलता येत नसल्याने कारकीर्द संपली. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार. १० ऑक्टोबर १९८३ रोजी मुंबईत निधन.

दुसरा फलक फार रोडावलेला वाटतो. कारकिर्दीच्या उताराबद्दल नेमकं काय लिहावं?

तिसरी घंटा

दोन दुरुस्त्या लगेच करा.

पहिली म्हणजे रूबी मायर्स बेने इस्राएल नव्हती, बगदादी ज्यू होती. अलिबागेत हा फलक लावलात तर पहिला आक्षेप गावातूनच येईल. बेने इस्राएल म्हणजे आपले शनिवार तेली. घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद. घरात मराठी, आडनावं गावांवरून : पेणकर, चेऊलकर, किहीमकर, नवगावकर. बगदादी मंडळी फार नंतर इराककडून व्यापारासाठी मुंबई-पुण्यात आली, ससून घराणं त्यांच्यातलंच. त्यांच्या घरात आधी अरबी आणि पुढे इंग्रजी. हा फरक नुसता वंशावळीचा नाही, तुमच्या दुसऱ्या फलकाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

दुसरी, गव्हर्नरचा पगार. पाच हजारांचा आकडा सगळीकडे येतो आणि नटीसाठी तो त्या काळी डोळे दिपवणारा होताच. पण १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या परिशिष्टात मुंबईच्या गव्हर्नरचा पगार वर्षाला १,२०,००० रुपये आहे. म्हणजे महिना १०,०००. सुलोचनाला त्याच्या निम्मा मिळत होता. 'गव्हर्नरपेक्षा जास्त' ही बोलवा आहे. ठेवायचीच तर 'असं लोक म्हणत' एवढं जोडा.

खाडीकाठ

बेने इस्राएलची चूक माझीच. खोडली. पण मग कोकणाचा धागाच तुटला की! प्रदर्शन अलिबागेत आहे, काहीतरी दुवा हवा.

दीपस्तंभ देवगड

बरो विषय काढलास. दुवा हवा तर खरे दुवे पुष्कळ आहेत, ओढूनताणून कशाला?

दादासाहेब तोरणे मालवणकडचे. त्यांचा 'श्री पुंडलिक' गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ ला लागला, 'राजा हरिश्चंद्र'च्या जवळजवळ वर्षभर आधी. प्रभातचे विष्णुपंत दामले पेणचे. आपला पहिला बोलपट 'आलमआरा' ज्या नाटकावरून घेतला ते जोसेफ डेव्हिड पेणकरांचं, हे मात्र बेने इस्राएल. बोलपटातले डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, तेही त्याच समाजातले.

यातला पेणकरांचा दुवा थेट सुलोचनाला जाऊन भिडतो. कारण 'आलमआरा'ची नायिका ती व्हायची राहिली.

तिसरी घंटा

तोरण्यांचा दुवाही भिडतो, जरा वळसा घेऊन. बोलपट येताच त्यांच्या मूव्ही कॅमेरा कंपनीने ऑडिओ-कॅमेक्स ही ध्वनिमुद्रणाची यंत्रं विकायला घेतली. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' (१९३२) त्याच यंत्रावर झाला. इंपीरियलने 'आलमआरा'ला वापरलं ते टॅनार, वेगळं. म्हणजे मालवणच्या माणसाने सुलोचनाची गादी काढून घेतली असं म्हणता येणार नाही. पण बोलपटाचं सामान महाराष्ट्रातल्या स्टुडिओंपर्यंत पोचवणाऱ्यांत तो होता, हे नक्की.

रीळ नंबर सात

'हिंदुस्थानी येत नसल्याने कारकीर्द संपली' हे वाक्य खोडा. त्यात दोन चुका आहेत. एक तर ती १९३१ ला संपली नाही. दुसरं, कारण एकटी भाषा नव्हती.

आधी मूकपटात भाषा का अडत नव्हती ते बघा. संवाद पाट्यांवर लिहून यायचे. मुंबईच्या पटांत एकाच पाटीवर इंग्रजी, गुजराती, हिंदी, उर्दू अशा दोन-तीन-चार भाषा असत आणि थेटरात वाचता येणारे मोठ्याने वाचून शेजाऱ्यांना सांगत. नटीने सेटवर काय पुटपुटलं याच्याशी कुणालाच देणंघेणं नव्हतं. त्यात घरंदाज हिंदू-मुसलमान कुटुंबं मुलींना कॅमेऱ्यासमोर पाठवत नव्हती, म्हणून ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुलींना मागणी. नाव तेवढं बदलायचं : रूबी मायर्सची सुलोचना, रेनी स्मिथची सीतादेवी.

कामाची रीतही वेगळी. कॅमेरा हाताने फिरवायचा, दिग्दर्शक शेजारी उभा राहून चालू शॉटमध्ये ओरडून सांगायचा : आता वळ, आता दार बघ, आता दचक. कान दिग्दर्शकाकडे आणि चेहरा प्रेक्षकाकडे ठेवण्यात ती तरबेज होती. बोलपटात सेटवर टाचणी पडली तरी चालत नाही. म्हणजे सहा वर्षांत कमावलेली सवय एका फटक्यात निकामी.

आता टॅनारचं गणित. हे सिंगल-सिस्टीम यंत्र. चित्र आणि आवाज एकाच निगेटिव्हवर. पण आवाजाची पट्टी चित्राच्या जागी नसते, साधारण २० चौकटी पुढे असते. सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबाने हे अंतर पाऊण सेकंदाहून थोडं जास्त. चित्राच्या जागी कापलं तर शब्दाचं शेपूट तुटतं, शब्दाच्या जागी कापलं तर चित्र उडी मारतं. म्हणून चुकलेला शब्द नंतर दुरुस्त करता येत नाही, अख्खा शॉट पुन्हा घ्यायचा, आणि कच्ची फिल्म परदेशातून यायची. त्यात इंपीरियलचा स्टुडिओ रेल्वे रुळांना लागून. गाड्या थांबल्यावर, रात्री एक ते चारच्या दरम्यान 'आलमआरा'चं बरंचसं काम झालं. माइक नटांच्या आसपास लपवलेला, डोकं जरा वळलं की आवाज गेला. अशा तीन तासांत इंपीरियलचे मालक अर्देशीर इराणी अडखळत हिंदुस्थानी बोलणारी नटी कशी घेतील? झुबेदाला घेतलं. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक थेटरात पट लागला.

आणि तिसरं, ज्याबद्दल कुणी बोलत नाही : गाणं. 'आलमआरा'त सात गाणी. पार्श्वगायन नव्हतं, जो तोंड हलवेल त्यानेच शॉट चालू असताना गायचं. भाषा वर्षभरात शिकता येते, गळा नाही. पार्श्वगायन कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनी १९३५ मध्ये आणलं आणि ते सर्रास व्हायला आणखी काही वर्षं गेली. ते १९३१ मध्येच असतं तर सुलोचनाचा आलेख वेगळा दिसला असता, असं माझं ठाम मत.

सुरंगी

रीळ, एक शंका. मग १९३१ नंतर ती टिकली कशी? आणि हे फक्त तिच्याच वाट्याला आलं का?

रीळ नंबर सात

टिकली ती शिकून. मध्ये वर्षभर थांबून हिंदुस्थानीवर मेहनत केली आणि इंपीरियलने तिचेच गाजलेले मूकपट पुन्हा बोलते केले. 'माधुरी' १९३२ मध्ये. 'इंदिरा बी.ए.'ची १९३४ मध्ये 'इंदिरा एम.ए.' झाली (जाहिरातवाल्याला दाद द्यायला हवी). 'अनारकली' १९३५. 'वाइल्डकॅट'चा 'बंबई की बिल्ली' १९३६. नायक बहुतेक वेळा डी. बिलिमोरिया. पगार, शेवरले गाडी, दबदबा, सगळं या काळातही होतं.

पण यादी नीट बघा. नवं काय आहे? आठ वर्षांपूर्वीचं यश पुन्हा तळून वाढलं जात होतं. प्रेक्षक तोवर देविकाराणी, दुर्गा खोटे, शांता आपटे यांच्याकडे वळले होते. १९३८ मध्ये इंपीरियल बंद पडली. महिन्याच्या पगारावर एका कंपनीशी बांधलेली नटी, कंपनी बुडाली की तिच्यासाठी गोष्टी निवडणारं, जाहिरात करणारं कुणी उरत नाही. माझ्या हिशेबी तिच्या पडण्याचं खरं साल १९३८. १९३१ नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाला : झुबेदाचंच बघा. पहिल्या बोलपटाची नायिका, तरी तिचा बहर त्याच दशकात ओसरला. उलट ललिता पवार. मूळची येवल्याची, बालवयात मूकपटात आली, मूकपटांची नायिका झाली, आणि बोलपटात भाषा येत होती व गाताही येत होतं म्हणून अडली नाही. तिला थांबवलं ते १९४२ च्या शूटिंगमधल्या थपडेने, त्यातून चेहऱ्याला लकवा आला. आणि मग खाष्ट सासू म्हणून तिने आणखी चार दशकं काढली.

खाडीकाठ

हे सोनं आहे. पण फलकावर १२० शब्दांच्या वर जागा नाही. एकच सूत्र द्या.

तिसरी घंटा

तीन अनारकली. त्याहून नेमकं सूत्र सापडणार नाही.

१९२८ : लाहोरची एक कंपनी सीतादेवीला घेऊन हीच कथा मोठ्या खर्चाने करत होती. इंपीरियलने घाईघाईने आपला 'अनारकली' उरकून आधी लावला आणि बाजी मारली. सुलोचना अनारकली.
१९३५ : तोच पट बोलता. सुलोचना पुन्हा अनारकली.
१९५३ : फिल्मिस्तानचा 'अनारकली'. नायिका बीना राय. सुलोचना जोधाबाई, सलीमची आई.

वर काही लिहू नका. तीन साल, तीन भूमिका.

सुरंगी

सहमत. पण १९५३ नंतरही ती अगदी शेवटपर्यंत लहानसहान कामं करत होती, 'खट्टा मीठा' (१९७८) मध्ये दिसते. 'अज्ञातवासात गेली' वगैरे लिहू नका. काम करत होती, फक्त नाव पाटीत खाली गेलं होतं.

'आठ भूमिका'बद्दल प्रदर्शनात मुलं विचारतील : एकाच पडद्यावर आठ बायका कशा?

रीळ नंबर सात

वेगवेगळ्या प्रसंगांत वेगवेगळी सोंगं, माळी, पोलीस, सोनेरी केसांची युरोपियन बाई, यांना कॅमेऱ्याची काही युक्ती लागत नाही. रंगभूषा आणि कपडे पुरतात. युक्ती लागते ती दोघी एकाच चौकटीत आल्या की. पेशन्स कूपरने कलकत्त्यात 'पत्नी प्रताप' (१९२३) मध्ये दोन बहिणी केल्या, तो त्यातला जुना नमुना.

त्या काळच्या हातकॅमेऱ्यावर सर्वसाधारण रीत अशी. कॅमेरा तिवईवर पक्का बांधायचा. भिंगापुढे काळा पुठ्ठा लावून अर्धी चौकट झाकायची. कॅमेऱ्याच्या दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चौकटी जातात, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ चौकटी. समजा २० सेकंदांचा शॉट : ४० फेरे, ३२० चौकटी, २० फूट फिल्म. मग भिंग पूर्ण झाकून मोजून ४० फेरे उलटे. पुठ्ठा दुसऱ्या बाजूला, नटीने कपडे बदलायचे, पुन्हा ४० फेरे. एक फेरा चुकला तरी एक बहीण दुसरीच्या आधीच उत्तर देते. तिवई केसभर हलली की मधोमध रेघ दिसते, म्हणून ही रेघ खांबावर किंवा दाराच्या चौकटीवर आणायचे. शिवाय दोन खेपांच्या मध्ये ऊन बदललं की एक बाजू उजळ, एक काळपट. कॅमेरामन ढगांकडे बघत बसायचा तो उगाच नाही.

आणि रंगभूषा म्हणाल तर ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नाही, निळं पांढरं दिसतं. लाल ओठ काळेकुट्ट यायचे, गुलाबी गाल मळके, निळी साडी पांढरी. म्हणून चेहऱ्याला पिवळसर लेप आणि ओठांना हात राखून रंग. जुन्या फोटोत नट्यांचे चेहरे पिठात बुडवल्यासारखे दिसतात ते यामुळे.

माडाची सावली

मुळात यातले पट बघायला मिळतात का? फलकाशेजारी टीव्हीवर 'वाइल्डकॅट' लावता येईल?

रीळ नंबर सात

नाही. 'वाइल्डकॅट' गेला. 'आलमआरा'चीही प्रत नाही. आपल्याकडे साधारण १,३०० मूकपट झाले, त्यातले पूर्ण-अपूर्ण धरून जेमतेम तीसेक उरले असतील. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये निघालं, तोवर बहुतेक रिळं विरघळली होती, जळाली होती किंवा चांदीसाठी धुतली गेली होती. फिल्मच्या थरात चांदी असते. जुना पट मालकाला अडगळ, भंगारवाल्याला माल. सुलोचनाचा विसर पडण्याचं हे सगळ्यात सरळ कारण आहे. नटी म्हातारी झाली की तिचे पट दाखवून तरुणपण सिद्ध करता येतं. हिचे पटच नाहीत, मग 'मोठी होती म्हणे' एवढंच उरतं.

टीव्हीवर लावायला फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) घ्या. बराच भाग शाबूत आहे आणि मंदाकिनी फाळकेचं काम आजही बघवतं. चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षांचा, त्यामुळे मूळ मूकपट मोकळे आहेत. मात्र कुणी नव्याने पार्श्वसंगीत जोडलेली प्रत असेल तर त्या संगीताचा हक्क वेगळा. आवाज बंद करून लावा किंवा परवानगी घ्या.

वेग तपासा. १६ च्या वेगाने काढलेला पट २४ ने चालवला तर दीडपट धावतो आणि कृष्ण कालियाच्या डोक्यावर नाचण्याऐवजी उड्या मारतो. ताडण्याची सोपी खूण : १,००० फुटांचं रीळ १६ ने साधारण १६ मिनिटं ४० सेकंद, २४ ने सव्वाअकरा मिनिटांच्या आत. प्लेअरमध्ये वेग ०.६७ वर आणा. माणसं माणसांसारखी चालायला लागली की बरोबर.

दीपस्तंभ देवगड

एक महत्त्वाचं. असलं प्रदर्शन लागलं की गावातून कुणीतरी 'आमच्या माळ्यावर फिल्मचा डबा आहे' म्हणून घेऊन येतो. तो डबा वाचनालयात ठेवून घेऊ नका.

१९५० च्या आधीची ३५ मिलिमीटरची फिल्म नायट्रेट, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या प्रकारची, असण्याची शक्यता मोठी. कडेवर 'सेफ्टी' छापलेलं असेल तर बहुधा ठीक, 'नायट्रेट' असेल किंवा काहीच नसेल तर नायट्रेटच समजा. १६ आणि ८ मिलिमीटरच्या फिल्मचा हा धोका नाही. नायट्रेट जळताना स्वतःच ऑक्सिजन सोडतं, म्हणून पाणी, वाळू, कांबळं, कशानेच विझत नाही आणि धूर विषारी. पार कुजलेलं रीळ ४० अंशांच्या आसपास आपोआपही पेटू शकतं. एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर तेवढं तापमान सहज असतं.

कुजण्याच्या पायऱ्या : चित्र पिवळट होऊन पुसट, मग फिल्म चिकट, मग फोड आणि मधासारखा ओघळ, मग सगळं रीळ एक ढेकूळ, शेवटी तपकिरी भुकटी. उग्र आंबूस वास आला की डब्याचं झाकण उघडून नाकाशी नेऊ नये. आपल्याकडची पावसाळी दमट हवा ही प्रक्रिया झपाट्याने पुढे नेते.

काय करायचं : डबा घरापासून दूर, सावलीत, हवेशीर जागी. आवळून बंद करायचा नाही, वायू कोंडला की कुजणं वाढतं. रीळ उलगडायचं नाही, प्रोजेक्टरवर तर मुळीच नाही. बाहेरून फोटो काढून पुण्याच्या संग्रहालयाला कळवायचं आणि ते सांगतील तसं. एसटीने किंवा कुरिअरने पाठवायचं नाही.

सुरंगी

कागदाचंही सांगते. मूळ हँडबिलं किंवा गाण्यांच्या पुस्तिका आल्या तर लॅमिनेशन करू नका, एकदा केलं की निघत नाही. सेलोटेप नको. स्कॅन करून प्रत लावा. मूळच लावायचं तर काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये पुठ्ठ्याची चौकट घाला, नाहीतर दमटपणात कागद काचेला चिकटतो. पेटीत सिलिका जेल, गुलाबी पडलं की बदलायचं. भिंत समुद्राकडची असेल तर फ्रेम भिंतीपासून बोटभर पुढे.

खाडीकाठ

सुधारलेला दुसरा फलक :

'१९२८, अनारकली : अनारकली. १९३५, अनारकली : अनारकली. १९५३, अनारकली : जोधाबाई. बोलपट आला तेव्हा तिला ना हिंदुस्थानी सराईत होती ना गळा. भाषा तिने शिकून घेतली आणि आपलेच मूकपट पुन्हा बोलते केले. १९३८ मध्ये इंपीरियल कंपनी बंद पडली. त्यानंतर छोट्या भूमिका, १९७८ पर्यंत. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार. निधन १० ऑक्टोबर १९८३, मुंबई. तिचा 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' आज उपलब्ध नाही.'

पहिल्या फलकावर 'बगदादी ज्यू' केलं, गव्हर्नर काढून टाकला. पेणकर, तोरणे, दामले यांच्यासाठी वेगळा नववा फलक करतो आहे. फोटो नेटवरून घेतला आहे, जोडलाय.

तिसरी घंटा

मजकूर पास. फोटो बदला, या सुलोचना लाटकर आहेत.